किलोमागे किती धूर? मासेमारीच्या इंधनाबद्दल विदर्भातून आलेले प्रश्न

प्रश्न (पवनी, जि. भंडारा): आम्ही गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाळी टाकतो. पूर्वी वल्ह्यावर भागायचं. आता पाणी लांबवर पसरलं, म्हणून डोंग्यांना पेट्रोलचं इंजिन लावलं. समुद्रातल्या ट्रॉलरपुढे आमचा धूर तो किती? आम्ही कशाला काळजी करायची?

एकूण धूर मोजला तर तुमचा कुठे दिसणारही नाही. जगभरच्या मासेमारी बोटींनी 2011 साली सुमारे 17 कोटी 90 लाख टन हरितगृह वायू सोडले, असा अभ्यासकांचा हिशोब आहे. पण मी नेहमी किलोमागे मोजायला सांगतो, आणि तिथे चित्र पालटतं. त्याच हिशोबात पकडलेल्या एका किलोमागे सरासरी 2.2 किलो वायू निघाला. आपल्या देशातल्या समुद्री मासेमारीत 1961 मध्ये किलोमागे अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड निघायचा, 2010 पर्यंत तो एक किलोवर गेला. यंत्रं वाढली आणि मासे शोधायला दूर जावं लागलं.

आता तुमचं बघू. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. दोन लिटर जाळून आठ किलो मासोळी आणली, तर किलोमागे सहाशे ग्रॅमच्या आत. तेवढंच जाळून तीन किलो आणली, तर दीड किलो. म्हणजे त्या दिवशी तुमचा छोटा डोंगा आपल्या देशातल्या समुद्री बोटींच्या एक किलोच्या सरासरीवर गेला! खिशालाही तोच हिशोब लागू आहे.

म्हणून पहिला उपाय इंजिनात नाही, पाण्यात आहे. जलाशयात माशांचं बीज सोडताना जिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, सोडून मोकळं होऊ नका. शंभर मिलिमीटरच्या पुढची बोटुकली सोडा, म्हणजे मोठ्या माशांच्या तोंडून बरीच वाचतात. बारीक आसाची (भोकांची) जाळी बंद करा. मच्छीमार सोसायटीच्या सभेत यावरून भांडण होतं हे ठाऊक आहे, तरी करा. मासे दाट झाले की त्याच लिटरात जास्त मासोळी येते.

दुसरा उपाय वेगाचा. वेग पाचव्या हिश्शाने उतरवला तर तेवढ्याच अंतराला तेल साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी लागतं. घाई करून फायदा दहा-पंधरा मिनिटांचा, आणि जाळी तर रात्रभर पाण्यातच असतात. जवळच्या ठिकाणी जाणारे तीन-चार डोंगे एकाच इंजिनामागे दोरीने ओढून नेता येतात. वारा नसेल त्याच दिवशी, आणि मधला दोर लांब ठेवून. पंख्यात अडकलेलं गवत आणि जाळ्याचे धागे दररोज काढा.

प्रश्न (अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया): इटियाडोह धरणात बॅटरीवरची मोटार चालेल का? आणि गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात?

मामा तलावात मोटार कशाला? वल्हं आहे ना! इटियाडोहमध्ये चालेल, पण अंतर बघून. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास वीज. एक हॉर्सपॉवरच्या मोटारीला ती कागदावर दीड तास पुरते. साधी शिशाची बॅटरी मात्र निम्म्याहून जास्त उतरवली की लवकर मरते, म्हणून तिचा पाऊण तासच धरा. लिथियमची निम्म्या वजनाची असते आणि जास्त उतरवता येते, पण महाग पडते. सोसायटीच्या शेडवर सौर पॅनेल टाकून दिवसा चार्ज केलीत तर धूर जवळपास संपला. घरच्या विजेवर केलीत तरी पेट्रोलपेक्षा कमीच. काठापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत जाणाऱ्यांनी घ्यावी. दूर जाणाऱ्यांनी तूर्त थांबावं. बॅटरी पेटीत बंद हवी आणि पेटी डोंग्याला बांधलेली हवी.

प्रश्न (सिंदेवाही, जि. चंद्रपूर): मी बाजारात मासोळी विकते. माझा दीर मोटरसायकलवर खेडोपाडी वीस-एक किलो घेऊन फिरतो. आंध्रची मासोळी एवढ्या लांबून ट्रकने येते, मग तिचा धूर आमच्यापेक्षा जास्तच ना?

ताई, वाहतुकीपुरतं बोलायचं तर नाही. दहा टन मासोळीचा ट्रक आठशे किलोमीटर आला आणि रिकामा परत गेला, तरी किलोमागे शंभर ग्रॅमच्या आसपास पडतं. तुमचे दीर वीस किलो घेऊन साठ किलोमीटर फिरले तर किलोमागे दीडशे ग्रॅम. भरलेली मोठी गाडी किलोमागे स्वस्त पडते, लांबून आली तरी.

पण आंध्रच्या तळ्यांत खाद्य घालावं लागतं, पंप आणि हवा देणारी यंत्रं चालवावी लागतात. खरा खर्च तिथला. मामा तलावातला रोहू नाहीतर मरळ तलावातलंच खाऊन वाढतो, तिथे तुमची मासोळी जिंकते. ती जिंकलेली बाजी उन्हाळ्यात हातची जाऊ देऊ नका. चाळीस किलोंतली दहा किलो नासली, तर उरलेल्या प्रत्येक किलोवर तिसऱ्या हिश्शाने जास्त धूर चढला. मे महिन्यात मासोळीच्या वजनाइतका बर्फ घ्या. तो ठोकून बारीक करा, तळाशी एक थर, मग मासोळी, पुन्हा थर. फुटक्या थर्माकोलच्या डब्यावर ओलं पोतं टाकून काम भागत नाही. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फपेटीसह मोटरसायकलला अनुदान ठेवलं आहे: महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के, इतरांना 40. अर्ज तुमच्या नावाने करा, दिरांच्या नाही. यंदा अर्ज सुरू आहेत का, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी विचारा.

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ): समुद्री मासे खायचेच तर कोणते?

तारली, बांगडा. थवे करून फिरतात, एका वेढ्यात जाळंभर येतात, इंधन थोडं लागतं. ट्रॉलरने तळ खरवडून आणलेली कोळंबी फार महाग, धुराच्या बाबतीतही.