'शाबास' या शब्दाचा मूळ अर्थ काय आणि तो मराठीत कुठून आला?

मूळ फारसी आहे: 'शाद बाश'. शाद म्हणजे आनंदी, बाश म्हणजे 'हो', 'राहा'. म्हणजे 'आनंदात राहा!' लग्नासाठीचा 'शादी' हा शब्दही याच 'शाद'पासून आला. गझलेत दुःखी माणसाला 'नाशाद' म्हणतात, तिथेही तोच.

भरभर बोलताना मधला 'द' गळला आणि 'शाबाश' उरलं. हिंदीत शेवटचा 'श' टिकला, मराठीत त्याचा 'स' झाला. मन भरून आलं की आपण 'शाब्बास!' म्हणत 'ब'वर जोर देतो. पुढे त्याला आपला 'की' प्रत्यय लावून 'शाबासकी' केलं, माणुसकी, पाटीलकी यांच्यासारखंच. पाठीवर शाबासकीची थाप पडते तेव्हा शब्द फारसी आणि प्रत्यय मराठी असतो, पण परका कुठेच वाटत नाही.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट ही वाटते की मुळात ही स्तुती नाहीच, तो आशीर्वाद आहे. 'तू चांगलं केलंस' असा निवाडा न देता 'तू सुखी राहा' अशी सदिच्छा दिली जाते. म्हणूनच बहुधा शाबासकी मोठ्यांकडून लहानांना मिळते. आजोबांनी झाड लावलं तर नात 'शाबास आजोबा' म्हणत नाही. म्हणालीच तर सगळे कौतुकाने हसतात. बरोबरीच्यांना किंवा थोरांना दाद द्यायची तर 'वा!', 'क्या बात है!' किंवा सरळ 'फार छान केलंत' म्हणावं.

स्तुतीसाठीचा दुसरा शब्द 'वाखाणणी' मात्र संस्कृत 'व्याख्यान'वरून आला: आधी त्याचा अर्थ उलगडून सांगणं होता, मग गुण सांगणं झाला.