तारेतून धावणारा नायक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी आणि माझा मित्र एक द्विमितीय प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे उड्या मारत पुढे जाण्याचा गेम, तयार करीत आहोत. नायकाने विजेच्या खांबाला हात लावला की त्याची ठिणगी होते आणि ती तारेतून दुसऱ्या खांबापर्यंत जाते. नकाशा मोठा असल्यामुळे फास्ट ट्रॅव्हलसाठीही, म्हणजे दूरच्या ठिकाणी झटपट पोहोचण्यासाठीही, हीच युक्ती वापरायचे ठरले. सुरुवातीला ठिणगी तारेवरून धावताना दिसत असे, पण लांबच्या प्रवासाला नऊ-दहा सेकंद लागत आणि खेळून पाहणारे कंटाळत. म्हणून आता आम्ही पडदा दोन-चारदा पांढरा लखलखवतो आणि नायकाला थेट शेवटच्या खांबावर उतरवतो. वेळ वाचला, पण आपण कुठे येऊन पोहोचलो हेच कळत नाही, अशी तक्रार येऊ लागली. प्रत्येक प्रवासाला साठवलेली थोडी वीज खर्च व्हावी, असाही विचार आहे. आपण मार्गदर्शन करावे.

उत्तर : आपली मूळ कल्पना फार चांगली आहे, आणि तिच्यात जे उत्तम होते तेच दुसऱ्या प्रयत्नात गळून पडले आहे. जादूच्या दारातून जाताना पलीकडे काय आहे हे आधी कळत नाही. तारेचे तसे नसते. ती डोंगरावरून, छपरांवरून गेलेली दिसते आणि कुठे जायचे हे प्रवासापूर्वीच सांगते. आपण प्रवास लपवला तेव्हा तार केवळ शोभेची उरली आणि खांबाचे दार झाले.

१९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये १-२ या, म्हणजे पहिल्या जगातल्या दुसऱ्या, लेव्हलच्या शेवटी लपलेल्या नळांतून थेट दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या जगात जाता येते. तिथे वाट दिसत नाही याचे कोणाला काही वाटत नाही, कारण त्या गेममध्ये मागे परतायचेच नसते. आपल्या नकाशात मात्र खेळणारा पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी येणार आहे, म्हणून त्याला दिशेचे भान हवे.

२०१७च्या ‘सुपर मारिओ ओडिसी’त आपल्यासारखीच युक्ती आहे. मारिओ टोपी फेकून तारेच्या टोकाशी असलेल्या ठिणगीचा ताबा घेतो आणि तारेतून सरकत जातो. परंतु त्याच गेममध्ये दूर जायचे असेल तर नकाशा उघडून चेकपॉइंटचा, म्हणजे वाटेतल्या थांब्याचा, झेंडा निवडावा लागतो. जवळचा देखणा प्रवास आणि लांबची उडी ही दोन कामे तिथे वेगळी ठेवलेली आहेत, तर आपण दोन्ही एकाच तारेवर सोपवली आहेत. २००९च्या ‘इन्फेमस’मध्ये नायक कोल विजेच्या तारांवरून घसरत जातो, पण तिथे खेळणाऱ्याला वाटेत हवे तिथे उडी मारून उतरता येते. आपल्या गेममधला कंटाळा दहा सेकंदांचा कमी आणि त्या दहा सेकंदांत हात रिकामे राहण्याचा अधिक होता, असे मला वाटते.

म्हणून ठिणगीचा वेग ठरवण्याऐवजी प्रवासाचा काळ ठरवावा. सेकंदाला नकाशाची साठ घरे या वेगाने सहाशे घरे लांबीच्या तारेला दहा सेकंद लागतात. त्याऐवजी लांबच्या कोणत्याही तारेला सुमारे दोन सेकंद, म्हणजे सेकंदाला साठ फ्रेम (पडद्यावरची चित्रे) दाखवणाऱ्या गेममध्ये १२० फ्रेम, द्याव्यात. त्यातला पहिला आणि शेवटचा अर्धा सेकंद ठिणगी नेहमीच्याच वेगाने जावी, म्हणजे ती कोणत्या दिशेने निघाली आणि कोणत्या बाजूने आली हे डोळ्यांना टिपता येईल; मधले सारे अंतर उरलेल्या एका सेकंदात उरकावे. त्या सेकंदात कॅमेरा मागे घ्यावा आणि धबधबा, मनोरा, पडका पूल अशा मोठ्या खुणा तारेच्या वाटेवरच ठेवाव्यात. नकाशात तार डावीकडे जात असेल तर पडद्यावरही ठिणगी डावीकडेच गेली पाहिजे.

साठवलेली वीज खर्च करायला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फास्ट ट्रॅव्हल बहुधा वाट चुकलेला किंवा थकलेला माणूस वापरतो, आणि त्याच्याकडूनच भाडे घेणे योग्य नव्हे. त्यापेक्षा किंमत एकदाच घ्यावी, आणि ती कशी घ्यायची हे वीजच सुचवते. परिपथ, म्हणजे विजेची फिरून येण्याची वाट, तुटलेला असेल तर प्रवाह वाहत नाही. प्रत्येक तार सुरुवातीला कुठेतरी तुटलेली असावी. खेळणाऱ्याने तो टापू पायी, उड्या मारत ओलांडावा, तुटलेला भाग जोडावा, आणि मगच दोन्ही खांबांवर दिवा लागावा. अशाने कोणतीही वाट आधी स्वतःच्या पायांनी तुडवल्याशिवाय तारेने गाठता येणार नाही, आणि दिशाभूल होण्याची आपली तक्रारही निम्मी तिथेच मिटेल. पूर्वी जिवावर बेतलेल्या दरीवरून ठिणगी क्षणात पार होताना पाहण्याचे समाधान वेगळेच असते.

तो लखलखाट मात्र आजच काढून टाकावा. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील एका ॲनिमेशन कार्यक्रमात लाल-निळा प्रकाश झपाट्याने उघडझाप झाला आणि शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. पडद्यावर एका सेकंदात तीनपेक्षा अधिक झगमगाट नसावेत, हा नियम वेबसाइटसाठी सर्वत्र मानला जातो. विजेच्या गेमने तो अधिकच कसोशीने पाळायला हवा.

प्रश्न : माझी मुलगी असे गेम खेळते. वीज तारेतून ठिणगीसारखी धावते, असे तिला वाटते. हे खरे आहे का?

उत्तर : नाही, आणि खरी गोष्ट तिला नक्की सांगावी, कारण ती गेमपेक्षा अधिक चकित करणारी आहे. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर प्रवाह वाहत असताना इलेक्ट्रॉन तासाभरात सरासरी पाव मीटरच्या आसपासच पुढे सरकतात. घरातल्या प्रत्यावर्ती प्रवाहात तर ते जागच्या जागी मागेपुढे हलत राहतात. तरी बटण दाबताच दिवा लागतो, कारण तारेभोवतीचे विद्युत क्षेत्र प्रकाशाच्या वेगाशी तुलना करता येईल अशा वेगाने पसरते. पाण्याने आधीच भरलेल्या नळीची तोटी उघडताच दुसऱ्या टोकाने पाणी पडते, तसेच काहीसे हे आहे.

दुसरा फरक परतीच्या वाटेचा. गेममधली ठिणगी एकाच तारेने जाते, पण खऱ्या प्रवाहाला फिरून उगमाशी यावे लागते. विरळ वस्तीच्या काही भागांत एकाच तारेने वीज पोहोचवतात, तिथेही परतीचा मार्ग जमीन असते. वरच्या प्रश्नकर्त्यांनी खांबांमध्ये दोन तारा दाखवल्या आणि दोन्ही जोडल्याशिवाय दिवा लागू दिला नाही, तर आपल्या मुलीला ही गोष्ट खेळतानाच कळेल.