जुन्या एल्सिनोरचे शॉकअप पुढे सरकवायचेत? आधी हे वाच

1973 ची होंडा सीआर250एम, म्हणजे एल्सिनोर ही मोटोक्रॉस बाईक घेतलीस, छान. पण तिच्या मागच्या शॉकअपच्या जागा कुणीतरी कापून पुढे वेल्ड केल्यात, तर घाईने मूळ जागी आणू नकोस. त्या वर्षी हाकान अँडरसनने यामाहाच्या मोनोशॉकवर (मागे एकच शॉकअप असलेल्या बाईकवर) मोटोक्रॉसचं 250 सीसीचं जगज्जेतेपद जिंकलं आणि मागच्या चाकाची हालचाल वाढवायची चढाओढच लागली. अमेरिकेत लोक घरच्या गॅरेजमध्ये चेसिसला करवत लावत होते. म्हणजे तुझ्याकडे आहे तो त्या काळचाच पुरावा आहे. (वेल्डिंग कुरूप असलं तरी!)

आता बघायचं काय? शॉकअप पुढे गेला की चाकाला तरफेचा फायदा जास्त मिळतो, म्हणून मूळ स्प्रिंग मऊ पडते. जास्त कडक स्प्रिंग लागेल, आणि डॅम्पिंगही (स्प्रिंगची उसळी आवरणारा शॉकअपमधला रोध) त्या मानाने वाढवावं लागेल. नुसती स्प्रिंग बदललीस तर मागचं चाक उसळत राहील. चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) जास्त वरखाली झाल्याने चेनची ढील बदलते, तेव्हा स्प्रिंगचा टेन्शनर आणि रोलर हवाच. नव्या जोडाभोवतीचा रंग खरवडून तडे शोध. चिमट्यावर जिथे शॉकअप बसतो तिथेही, कारण ती जागा हा भार घ्यायला बनलेलीच नव्हती.

मागची बाजू उंच झाली तर पुढचे फोर्क जास्त उभे होतात, वेगात हँडल थरथरतं.

जुने फॉक्स एअरशॉक्स (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारे शॉकअप) मिळाले तर सील बदलल्याशिवाय हवा भरू नकोस. आणि अखंड चेसिस असेल तर करवत लांबच ठेव. प्रयोग दुसऱ्या, आधीच कापलेल्या चेसिसवर कर.