अबॉर्टलाच टॅग मिळत नसेल तर डेप्थ वाढवून काय होणार?

तुमच्या लिनक्स स्टोरेज ड्रायव्हरचं दुखणं असं: लोड चढला की एखादी रिक्वेस्ट टाइमआउट होते, ड्रायव्हर अबॉर्ट (ती रिक्वेस्ट रद्द करण्याची आज्ञा) पाठवायला जातो आणि तिथेच सगळं लटकतं. क्यू डेप्थ (एका वेळी किती रिक्वेस्टी चालू राहू शकतात तो आकडा) ६४ ची १२८ केली तर थोडे दिवस बरं गेलं आणि मग पुन्हा तेच. तुमचं हे वर्णन वाचून जुनी डोकेदुखी आठवली.

अबॉर्ट हीसुद्धा एक रिक्वेस्टच, तिलाही टॅग, म्हणजे चालू रिक्वेस्टचा क्रमांक, लागतो; डेप्थ जितकी तितकेच टॅग. सगळे टॅग अडकलेल्या रिक्वेस्टींनी धरून ठेवलेत, म्हणून अबॉर्ट थांबलाय. आणि अबॉर्ट गेल्याशिवाय टॅग सुटत नाहीत. डेप्थ वाढवून ही वेळ फक्त पुढे ढकलली जाते. आयओ शेड्युलर (रिक्वेस्टींचा क्रम लावणारा कर्नलचा भाग) लावलेला असेल तर एनआर-रिक्वेस्ट्स ही सेटिंग वाढवणंही व्यर्थ, तो आकडा शेड्युलरच्या टॅगांचा. ड्रायव्हरचे टॅग तेवढेच राहतात.

ड्रायव्हरमध्ये टॅग-सेट (टॅगांचा साठा) बनवताना रिझर्व्ड म्हणजे राखीव टॅग एक-दोन ठेवा आणि अबॉर्टची रिक्वेस्ट घेताना रिझर्व्ड फ्लॅग द्याच. फ्लॅग द्यायचा राहिला तर टॅग राखून उपयोग शून्य, रिक्वेस्ट बाकीच्यांच्याच गर्दीत उभी राहते. राखीव टॅग डेप्थमधूनच वजा होतात: ६४ पैकी २ राखले की साध्या कामाला ६२. शिवाय राखीवांना सुरुवातीचे क्रमांक मिळतात, ० आणि १. फर्मवेअर टॅग ० ला काही खास अर्थ देत असेल तर आधी ते तपासा.

आमचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्टने. डीबगएफएसमधल्या (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलसिस्टीममधल्या) एचसीटीएक्सच्या, म्हणजे हार्डवेअर क्यूच्या, टॅग्ज फाइलमध्ये राखीव टॅगांची संख्या शून्य आणि बाकी सगळे भरलेले, हे स्वच्छ दिसत होतं. ते पाठवलं तर उत्तर काय? ‘फर्मवेअर अपडेट करा, डिस्क बदलून बघा.’ डिस्क बदलली, पुन्हा तेच, आणि तिकीट मात्र बंद! ड्रायव्हर त्यांचाच, दुरुस्ती दोन ओळींची. ती फाइल तिकडे कुणी उघडून तरी पाहिली असेल का, देव जाणे.

अर्थात तुमचा ड्रायव्हर मी पाहिलेला नाही. हे सगळं थेट बीएलके-एमक्यूवर (कर्नलचा रिक्वेस्टींच्या रांगा सांभाळणारा थर) बसणाऱ्या ड्रायव्हरबद्दल आहे. स्कझी मिडलेयरखाली (स्कझी ड्रायव्हरांसाठीचा कर्नलमधला सामायिक थर) असाल तर तिथला एरर हँडलर फसलेली कमांडच पुन्हा वापरतो, म्हणजे दुखणं दुसरीकडे असेल. कंट्रोलर पूर्ण मेला असेल तरी राखीव टॅग कामाचा नाही. तिथे रजिस्टरमधूनच रिसेट. नमुना हवा असेल तर एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्सचा (नेटवर्कवरून एनव्हीएमई डिस्क वापरण्याचा) कोड वाचा, ॲडमिन क्यूवर (नियंत्रणाच्या आज्ञांची रांग) कनेक्ट आणि कीप-अलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा संदेश) यांच्यासाठी असेच टॅग राखलेले आहेत.

आणि तपासायला खऱ्या लोडची वाट बघू नका. कर्नलच्या फॉल्ट इंजेक्शनमध्ये (मुद्दाम बिघाड घडवण्याची सोय) आयओ टाइमआउटची सोय आहे, ती लावून क्यू मुद्दाम भरा.