आकाशगंगा की दीर्घिका?

ठाण्यातल्या एका आईने विचारलंय: सातवीतल्या लेकीने निबंधात ‘विश्वात अब्जावधी आकाशगंगा आहेत’ असं लिहिलं. बाईंनी ‘आकाशगंगा’ला लाल गोल करून वर ‘दीर्घिका’ लिहिलं. दोन्ही एकच ना, मग चुकलं कुठे?

तलावपाळीवर उभं राहिलं की याचं उत्तर समोरच आहे. मासुंदा तलाव, उपवनही तलाव. पण ‘ठाण्यात पुष्कळ मासुंदे आहेत’ असं कुणी म्हणत नाही. आकाशगंगा हे तसंच विशेषनाम आहे, आपला सूर्य जिच्यात आहे त्या एका दीर्घिकेचं. दीर्घिका हे सामान्यनाम. बाईंचं बरोबर आहे.

गोंधळ मात्र साहजिक आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी देवयानी तारकासमूहातला तो अंधुक ठिपका म्हणजे आकाशगंगेतलाच एक तेजोमेघ (वायू आणि धुळीचा ढग), असं अनेक खगोलशास्त्रज्ञ मानत. १९२३ साली एडविन हबल यांना त्यात सेफीड जातीचा रूपविकारी, म्हणजे तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होणारा, तारा सापडला. अशा ताऱ्याची उघडझाप जितकी सावकाश, तितकं त्याचं मूळ तेज जास्त, हे हेन्रिएटा लेव्हिट यांनी आधीच दाखवलं होतं. मूळ तेज कळलं आणि इथून तो किती तेजस्वी दिसतो हे मोजलं, की अंतर निघतं. हबल यांचं उत्तर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं आलं. आज ते सुमारे २५ लाख मानतात. आकाशगंगेचा व्यास साधारण १ लाख प्रकाशवर्षं. मग देवयानीतला तो ठिपका तिच्यात मावणार कसा? ती वेगळीच दीर्घिका निघाली, तिच्यासारख्या आणखी कितीतरी निघाल्या, आणि साऱ्या जातीसाठी एक शब्द लागला.

तो शब्द मला फार आवडतो. अमरकोशात ‘वापी तु दीर्घिका’ असं आहे. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळं. तलावांच्या गावातल्या मुलीला तो परका वाटायला नको!

लिहिताना ‘दी’ दीर्घच, ‘दिर्घिका’ नको. एक दीर्घिका, अनेक दीर्घिका, दीर्घिकेत, दीर्घिकांमध्ये. ‘मासुंदा तलाव’ म्हणतो तसं ‘आकाशगंगा दीर्घिका’ म्हटलं तरी चालेल.

आणि जमलं तर लेकीला डिसेंबरातल्या अमावास्येच्या सुमारास शहराच्या उजेडापासून दूर, वांगणीकडे न्या. आकाश स्वच्छ असेल तर रात्री शर्मिष्ठा तारकासमूहातून जाणारा आकाशगंगेचा फिका पट्टा दिसेल, आणि शेजारीच, जरा डोळे सरावले की, देवयानीतला तो पुसट पुंजका.