कोंडवाड्याच्या भिंतीला पोट सुटलंय, काय करावं?

प्रश्न : आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला. वेशीजवळ जुना दगडी कोंडवाडा आहे. तरुण मंडळ आणि बचत गटाच्या बायकांनी मिळून तो दुरुस्त करायचं ठरवलंय. तीन बाजू शाबूत आहेत. चढाकडच्या भिंतीला पोट सुटलंय आणि तिचा एक कोपरा ढासळलाय. दगड काळा, मधेमधे जांभा. गवंडी म्हणतो, सिमेंटनं दर्जा (दगडांमधल्या फटी) भरू, वर काँक्रीटचा पट्टा टाकू, मग बघायला नको. सुरुवात कुठनं करावी?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : गवंड्याला चहा पाजा आणि सिमेंटची पोती आणू नका म्हणून सांगा.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे भिंत फक्त चढाकडनं फुगलीय. म्हणजे दुखणं दगडात नाही, पाण्यात आहे. तुमच्याकडचा पाऊस मी काय सांगावा! चढावरनं वाहून आलेली माती वर्षानुवर्षं भिंतीला टेकत गेली, ती भिजली की जड होते आणि भिंतीला बाहेरनं आत रेटते. तरी आजवर भिंत उभी राहिली, कारण ती कोरडी, म्हणजे मधे चुना-सिमेंट न घालता रचलेली आहे. पाणी फटींतनं निघून जातं. त्याच फटी तुम्ही सिमेंटनं बुजवणार. मग पाणी मागंच तुंबेल. एका गावात असंच केलेलं मी पाहिलंय. पहिल्या पावसाळ्यात भिंत देखणी दिसली. पुढं पडली तेव्हा सगळी एकदमच पडली, आणि सिमेंट चिकटलेले दगड परत लावायच्या लायकीचेही उरले नाहीत.

म्हणून आधी पहार नको, फावडं घ्या. भिंतीला टेकलेली माती हटवा आणि दोन-तीन हात लांब, चढाच्या बाजूला चर काढून पाणी ओढ्याकडं वळवा. त्यानंतरच भिंतीला हात लावा. फुगलेला भाग आणि ढासळलेला कोपरा, एवढंच उतरवायचं. शाबूत भिंत 'सगळं एकसारखं दिसावं' म्हणून खोलू नका. आधी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा.

उतरवलेले दगड ढीग करून टाकू नका. मोठे, मधले, चिपा अशा वेगळ्या रांगा जमिनीवर लावा. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड निघतील, ते वेगळे ठेवा. भिंतीची दोन्ही तोंडं तेच बांधून धरतात. ट्रॅक्टरवाल्यानं असला एक जरी दगड बांधाला नेला तरी तो परत आणवा.

रचताना मोठा दगड खाली आणि दगडाची लांबी भिंतीच्या पोटात. नवशिका माणूस लांब बाजू दर्शनी लावतो, लांबनं छान दिसतं आणि भिंत नुसती कातड्यावर उभी राहते. सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. वरचा दगड खालच्या दोघांवर बसला पाहिजे. पोकळीत माती टाकायची नाही. चिपा हातानं एकेक बसवायच्या, हे काम बायका पुरुषांपेक्षा नीट करतात असा माझा अनुभव आहे. दोन्ही तोंडांना फुटामागं दीड-दोन इंच आत कल ठेवा, दोरी लावून. दगड पुरले नाहीत तर खाणीतनं जांभ्याचा नवा चिरा आणाल, पण तो ताजा असताना मऊ असतो. उन्हावाऱ्यावर ठेवून कडक होऊ द्या, मग लावा.

दगडाच्या जुन्या कामातला एखादा वडार किंवा पाथरवट म्हातारा पंचक्रोशीत शोधा आणि त्याला पूर्ण मजुरी द्या. श्रमदान पोरांनी करावं, त्यानं नाही. सुगी आटोपली की सुरू करा आणि वळवाच्या आत माथ्याचे जड दगड बसलेले असू द्यात. अर्धवट उघडी भिंत जूनमध्ये सापडली तर केलेलं वाया जाईल.

फाटकाच्या दोन घडीव खांबांना भोकं असतील, आडवे वासे सरकवायची. त्यांच्या कडा दाव्यांनी घासून गुळगुळीत झालेल्या असतात. त्या घासू नका, रंगवू नका. वासे तेवढे नवे घाला.

प्रश्न : आमच्या गावचा कोंडवाडा नक्की कुणाचा, हे कसं कळेल? आजोबा सांगायचे की तिथं हत्तीलाही दंड होता. खरं का?
— एक वाचक, बेळगाव तालुका

उत्तर : आजोबा खरं सांगायचे. 1871 च्या गुरांविषयीच्या कायद्यात दराचं कोष्टकच होतं. हत्तीला दोन रुपये, म्हशीला आठ आणे, गाय-बैलाला चार आणे, शेळी-मेंढीला एक आणा. वैरणपाण्याचा खर्च वेगळा. शेतकऱ्यानं पिकात धरलेलं जनावर चोवीस तासांत कोंडवाड्यात पोचवायचं. सात दिवसांत मालक आला नाही तर नोटीस लागायची, त्यानंतर आणखी सात दिवस वाट बघून लिलाव. आपल्याकडं हत्ती किती धरले असतील ते सोडा, पण चार आण्यांवरनं भावकीत बोलणं बंद झालेली घरं असतील. पुढं कर्नाटकानं (तेव्हाचं म्हैसूर राज्य) 1966 साली आपला कायदा केला.

मालकीसाठी ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत बघा आणि ई-स्वत्तूचा (ग्रामपंचायतीतल्या मालमत्तांची कर्नाटकातली संगणकीय नोंद) नमुना 9 व 11 मागा. गावठाणाचा नकाशाही काढून घ्या. जुने कागद मराठीत, त्यातले बरेच मोडी लिपीत मिळतील, कारण 1956 पर्यंत आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. गाव शहापूरसारखं सांगली संस्थानात असेल तर दप्तराची वाट निराळी, हे आधीच विचारून घ्या. मोडी वाचणारा माणूस गाठा, अंदाजानं वाचू नका.

अर्ज कन्नडमध्ये द्या, सोबत मराठी प्रत जोडा, पोच घ्या. सीमेचा वाद आपल्या जागी आहे; त्यापायी ठराव अडकला तर भिंत कुणाची वाट बघणार नाही. ग्रामसभेत ठराव झाल्याशिवाय एकही दगड हलवू नका. नंतर कुणीतरी 'अतिक्रमण' म्हणून तक्रार करतोच.

प्रश्न : कोंडवाड्याच्या आत बाग करावी की सभागृह?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : दोन्ही नको. सभागृहासाठी पाया खणाल आणि जुन्या भिंतीचं जोतं ढिलं कराल. बागेचं रोजचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरेल, आणि सिमेंटचा वाघ तर कुठंही बसवू नका. जमीन कठीण मुरमाची ठेवा, पाणी बाहेर जाईल असा उतार द्या, आत दगडी डोण (जनावरांना पाणी पाजायची) असेल तर साफ करून पाण्यानं भरा. मोकाट जनावरं आजही रात्री ऊस खातातच. त्यांना एक-दोन दिवस बांधायला जागा झाली तर झाडलोटीचा प्रश्न पंचायतीलाच घ्यावा लागेल. डोण गळत असेल तर मात्र पुढच्या अंकासाठी लिहा. चुन्याची लुकण कशी करायची ते सविस्तर सांगतो.