झग्याच्या काठाची माती

प्रिय बाळा,

प्रभूत सलाम.

तुझ्या पप्पांना जाऊन वर्ष होतंय, त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या उपासनेसाठी तू लिहिलेली तीन पानं मी दोनदा वाचली. त्यांत पाळकसाहेब आहेत, पप्पा नाहीत. ‘विश्वासू सेवक’, ‘मंडळीचा आधार’, ‘अखेरपर्यंत प्रभूच्या मळ्यात राबले’... एकही शब्द खोटा नाही. पण अंत्यविधीच्या दिवशी हे सगळ्यांनी बोलून झालंय. चर्चच्या मंडळीने त्यांना समोरून पाहिलं. तू घरातून पाहिलंस, तर घरातलं लिही.

मीही पाळकाचीच मुलगी. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, नगर जिल्ह्यात पाळक होते (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय). शेवगाव, नेवासे, पुन्हा नगर, नुसत्या बदल्या. ते गेल्यावर मी लिहायला बसले तेव्हा माझीही अशीच पानं झाली होती. मग एक दिवस आईने ट्रंकेतून त्यांचा पांढरा झगा काढला. दर सोमवारी ती तो नीळ घालून धुवायची, तरी खालचा काठ करडाच राहायचा. पावसाळ्यात दफनभूमीतली काळी माती त्याला धरायची, ती काही केल्या निघायची नाही. मूठमाती देऊन आले की दादा मागच्या ओट्यावर बसून काडीने तो काठ खरवडायचे. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, असा घरचा नियमच होता. एकदा एका लहान लेकराला पुरून आले. खरवडता खरवडता थांबले, मला जवळ ओढलं, माझी वेणी सोडली आणि पुन्हा घातली. वाकडी घातली. मी ती तशीच घेऊन शाळेत गेले.

तुझ्याकडेही असं काहीतरी असणारच. ते शोध.

दादांच्या रोजनिशीत 29 नोव्हेंबर 1970 चं पान आहे. त्या रविवारी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. आमच्या मंडळ्यांसाठी केवढा दिवस! दादांनी लिहिलंय ते एवढंच: ‘एकीकरण झाले. देवाची स्तुती. बेबीचा ताप 103.’ बेबी म्हणजे मी. दादांच्या मनात आधी मंडळी आणि मग आम्ही, हा सल मी कित्येक वर्षं बाळगला होता. ते पान हाताला लागलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. त्या दिवशी ट्रंकेपाशी बसून मनसोक्त रडले.

आता अवघड गोष्ट सांगते. तुझ्या लिखाणात राग कुठेच नाही, आणि तो तुझ्यात आहे हे मला माहीत आहे. ऐन जेवायच्या वेळी दार वाजायचं, पप्पा भरल्या ताटावरून उठायचे. नाताळात सगळ्यांच्या घरी बाप असायचा, तुझा मात्र घरोघरी प्रार्थना करत फिरायचा. ‘पाळकांची मुलगी असून असं?’ हे तूही ऐकलंयस. ते लिही. त्याने पप्पांचा मान कमी होत नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या नवऱ्याचा, रेव्हरंड टिळकांचा संताप, विसरभोळेपणा, हातात पैसा न टिकणं, काही म्हणजे काही लपवलं नाही. म्हणून तर इतक्या वर्षांनीही तो माणूस वाचणाऱ्याला आपल्या घरातला वाटतो.

दादा गेल्यावर तीन महिन्यांत आम्हाला पाळकांचा बंगला रिकामा करावा लागला. नवे पाळक यायचे होते, कोणाचा दोष नव्हता. सामान गाडीत चढल्यावर आई परत आत गेली आणि झगा टांगायचा खिळा पक्कडीने उपटून घेऊन आली. हे मी दादांच्या स्मरणसभेत बोलले नाही. लोक काय म्हणतील, असं वाटलं. अजून चुटपुट आहे. तू तसं करू नकोस.

मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा, पण ‘पप्पा कसे होते?’ असं विचारू नकोस. ‘फार चांगले होते हो’ एवढंच ऐकू येईल. तुमच्याकडे शेवटचे कधी आले, कुठे बसले, चहा घेतला का, कुठलं भजन म्हणायला लावलं, हे विचार. एवढं विचारलंस की माणसं आपोआप बोलती होतात.

उपासनेत रडू आलं तर थांब, पाणी पी, पुढे वाच. तिथे बसलेल्यांतले निम्मे तुझ्या पप्पांच्या खांद्यावर रडलेले आहेत. ते थांबतील.

आणि आज संध्याकाळीच एक काम कर. त्यांच्या पवित्र शास्त्राच्या समासात पेन्सिलीने तारखा आणि घरांची नावं आहेत, तू मागे दाखवली होतीस. पेन्सिल पुसट होते गं. एक जाड वही आण आणि सगळं पेनाने उतरवून घे, पानाच्या क्रमाने. न लागणारं अक्षर तसंच सोड. रविवारी घेऊन ये, मी चष्मा लावून बघते.

तुझी,
बाई